उजव्या चावीवरचा ठिपका

ठिपका फडक्याने पुसलेला होता, आणि ते बघून माझं डोकंच फिरलं.

एका ठिपक्यावरून कुणी एवढं चिडतं का, असं तुम्हाला वाटेल. मी चिडते. मी मुळातच चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तक्रार नको. तीस वर्षं मी पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरते आणि तपासते. हवा मी भरायची आणि तिच्या भरवशावर पाण्याखाली जायचं दुसऱ्याने, असल्या कामात गोड स्वभावाचं माणूस टिकत नाही. माझी थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, मला हवालदार म्हणतात. हवा देते आणि दरडावते, म्हणून हवालदार. हा विनोद त्यांनी इतक्यांदा केलाय की नवीन येणारे पाणबुडे मला सरळ हवालदारबाई अशीच हाक मारतात.

तर ठिपका. आमच्या वर्कशॉपात एक रीत आहे. टाकी पाण्याकडे निघाली की तिच्या प्रत्येक चावीवर मी मेणाच्या निळ्या खडूने एक ठिपका काढते. चावी म्हणजे टाकीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह, नळाला असते तशी फिरवायची. पाण्यात उतरलं की पाणबुड्याने आधी हात मागे नेऊन एकेक चावी बंद करायची आणि परत उघडायची. खाली हवा सुटायला लागली तर हेच करावं लागतं, म्हणून दर खेपेला हा सराव. चावी फिरवली की बोटांनी ठिपका फासला जातो. टाकी परत आली की मी ठिपके बघते. फासलेले असले तर ठीक. जसेच्या तसे असले तर मी त्या माणसाची सालटी काढते, मग तो कितीही मोठा असो.

ही रीत घालून दिली वन्संनीच, वीस वर्षांपूर्वी, त्यांच्या शिकाऊ पोरांसाठी.

आणि त्या दिवशी त्यांचीच जोडी परत आली होती. पाठीवर घ्यायच्या दोन टाक्या, वरून एका पुलाने जोडलेल्या. डावा ठिपका फासलेला, उजवा गायब. बोट लागलं की निळी रेघ ओढली जाते. फडकं मात्र सगळंच उचलून नेतं. उजवी चावी अगदी लख्ख होती. आधीच्या तीन खेपांना तिथला ठिपका तसाच परत आला होता आणि मी माझ्या मनाची समजूत घातली होती, की विसरल्या असतील, वय झालंय. फडकं बघितल्यावर ती सोय उरली नाही. वन्संचा हात उजव्या चावीपर्यंत पोचत नव्हता आणि त्या ते लपवत होत्या.

यात एवढं काय, ते कळायला हवेबद्दल थोडं ऐकावं लागेल. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमच्या ह्यांनी मला एक गंमत दाखवली. रिकामी टाकी वजनकाट्यावर ठेवली, मग तीच टाकी भरून ठेवली. काटा तीन किलोने पुढे गेला. हवेला वजन असतं हे शाळेत घोकलं होतं, पण तीन किलो हवा मी स्वतःच्या हाताने उचलली ती त्या दिवशी. मला घाबरायलाच झालं. खोलीत आपण सगळे या वजनाच्या तळाशी बसलोय आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नाही, हे मला कितीतरी दिवस पटेना. अजूनही कधीकधी भरलेली टाकी उचलताना माझ्या अंगावर काटा येतो. हे म्हणतात, तुझं वेड आहे. असेल.

पाण्याखाली तर आणखीनच अजब. तीस मीटरवर माणसाच्या एका श्वासाला चार श्वासांची हवा लागते. वर दोन तास पुरेल ती टाकी तिथे अर्ध्या तासात संपते. म्हणून नियम असा, की एक तृतीयांश हवेत आत जायचं, एक तृतीयांशात बाहेर यायचं, आणि उरलेल्या एकाला हात लावायचा नाही. ती अडीअडचणीची.

वन्संच्या पाठीवरची जोडी म्हणजे एकत्र कुटुंब. दोन टाक्या, मध्ये पूल, हवा दोघींची मिळून. उजव्या टाकीला एक रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन, आणि डाव्या टाकीला एक. उजवा फुटला तर उजवी चावी बंद करायची, आणि पुलामुळे दोन्ही टाक्यांतली सगळी हवा डावीकडून मिळत राहते. फार सुंदर व्यवस्था आहे. फक्त एकच अट, हात मागे जाऊन चावीपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला, तर त्याच पुलावरून दोन्ही टाक्यांतली हवा एकाच भोकातून निघून जाते, आणि माणूस कानामागे तिचा आवाज ऐकत बसतो.

आता त्या जात कुठे होत्या ते सांगते. आमच्या टेकडीच्या पोटातून एक झरा निघतो. सगळं गाव त्याचंच पाणी पितं. झऱ्यामागे पाण्याने भरलेली गुहा आहे, आणि वन्सं पाणीखात्यात मोजणीदार. बावीस वर्षं त्या दोरी आणि होकायंत्र घेऊन ती गुहा हाताहाताने मोजत आल्या. त्यांचा नकाशा आमच्या वर्कशॉपात लावलेला आहे. कागदाला कागद चिकटवत तो एका भिंतीवरून कोपरा वळून दुसऱ्या भिंतीवर गेलाय, आणि खिडकीपाशी थांबलाय. तिथे एक फट आहे. उंची जेमतेम माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. तिच्यापुढे वन्संनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलेलं, खोडलेलं आणि पुन्हा काढलेलं. त्या फटीतून पाणी इतक्या जोरात येतं की तिथल्या दगडावर गाळाचा कणही बसत नाही. म्हणजे पलीकडे काहीतरी मोठं आहे. गाव जे पाणी पितं ते तिथून येतं. अकरा वर्षं वन्सं त्या फटीला डोकं लावून परत येत होत्या. पाठीवर दोन टाक्या घेऊन माणूस तिच्यातून जात नाही.

आणि पुढच्या महिन्यात झऱ्याच्या तोंडावर लोखंडी जाळी बसणार होती, कायमची. गावाचं पाणी सुरक्षित राहावं म्हणून. त्या जाळीचा अर्ज वन्संनीच लिहिलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. मी जोडी बाकावर उभी केली, त्यांना तिच्या पट्ट्यांत बसवलं आणि म्हटलं, डोळे मिटा आणि उजवी बंद करा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. तरी डोळे मिटले. हात वर गेला, कानापर्यंत गेला आणि थांबला. मग डाव्या हाताने त्यांनी टाकीचं बूड खालून वर रेटून बघितलं, म्हणजे चावी जरा पुढे येईल. बोटं हवेतच चाचपडत राहिली. कपाळावर घाम आला. चेहऱ्यावर मात्र काही नाही, जणू बसमध्ये बसल्या आहेत.

मी घड्याळ लावलं होतं. एक मिनिट झाल्यावर म्हटलं, "पुरे, वन्सं. एव्हाना तुमची हवा संपली."

मग जी काही बाचाबाची झाली ती मी सगळी सांगत बसत नाही. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. त्या म्हणाल्या, तू माझी नोकरीवरची साहेब नाहीस. मी म्हटलं, खांदा कधीपासून आखडलाय? त्या म्हणाल्या, पायऱ्यांवरून घसरले तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, हल्लीच जास्त. दीड वर्ष! मी इतकी ओरडले की आमचे हे आतून बाहेर आले. कॉम्प्रेसरच्या आवाजाने त्यांच्या कानांचं केव्हाच भजं झालंय. दारात उभं राहून त्यांनी शांतपणे विचारलं, चहा दोघींनाही टाकू ना. आम्ही दोघी एकदम नको म्हणालो आणि त्यांना ते हो ऐकू आलं. चहा पिताना मी वन्संना सांगितलं, की ही जोडी मी भरणार नाही. गावात दुसरं कुणी भरून देणारं नाही, हे त्यांना माहीत होतं.

त्या चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या एकेक तोड घेऊन. माझ्याबरोबर उतरणारा गप्पू चावी बंद करेल, म्हणाल्या. मी म्हटलं, गप्पू तुमच्या मागे दहा हातांवर असतो, आणि गढूळ पाण्यात तुम्हाला तो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. मग म्हणाल्या, टाक्या उलट्या घालते, चाव्या कमरेशी येतील. मी म्हटलं, घाला, आणि प्रत्येक दगडाला आधी चाव्याच आपटा. मग म्हणाल्या, पूल काढून टाक, पाठीवरच दोन सुट्या राहू देत. मी म्हटलं, चाव्या कुठे असतील? पाठीमागेच ना?

उरला एकच मार्ग, आणि त्याचं नाव दोघींपैकी कुणीच घेईना. काखेतल्या टाक्या. पाठीवर काहीच नाही. एक टाकी उजव्या काखेखाली, एक डाव्या, अंगाला समांतर, हुकांनी अडकवलेल्या. चाव्या छातीच्या बाजूला, डोळ्यांसमोर. मात्र पूल नाही. एकत्र कुटुंब मोडून वेगळ्या चुली. आलटून पालटून दोन्हींतून श्वास घ्यायचा, कुठलीही एक फार रिकामी होऊ द्यायची नाही, आणि सगळं गणित असं ठेवायचं की एकीने दगा दिला तर एकट्या दुसरीवर माणूस बाहेर आला पाहिजे.

अडचण अशी, की या पद्धतीची चेष्टा वन्सं गेली आठ वर्षं करत होत्या. त्यांचा जोडीदार गप्पू, त्याचं चष्म्याचं दुकान आहे, पंचेचाळिशीचा माणूस. गप्पा मारतो म्हणून गप्पू नव्हे, गप्प बसतो म्हणून. कंबर दुखायला लागल्यापासून त्याने काखेतल्या टाक्या घेतल्या, आणि तेव्हापासून वन्सं त्याला दूधवाला म्हणायच्या. दोन बाजूंना दोन किटल्या. किती लिटर टाकू बाई, असं विचार, म्हणायच्या. तो हसायचा. आता त्याच किटल्या स्वतःला अडकवायच्या म्हणजे त्यांना जिवावर आलं होतं.

"मी पाठीवर ओझं घेऊन बावीस वर्षं ताठ पोहले," त्या मला म्हणाल्या. "शेवटच्या महिन्यात मी लंगडी आहे म्हणून गावभर दवंडी पिटू का?"

मला राग आला होता, पण हे ऐकून तो टिकेना.

बोलला तो गप्पू. तो नेहमीसारखा टाक्या घ्यायला आला होता आणि नेहमीसारखा कोपऱ्यात उभा होता. त्याने नकाशातल्या फटीवर बोट ठेवलं. "बाई, काखेतली टाकी इथून जाते," तो म्हणाला. "एक हूक सोडायचा, टाकी पुढे ढकलायची आणि मागून आपण."

वन्संनी विचारलं, तुला काय माहीत?

"मी खांद्यापर्यंत आत जाऊन बघितलंय. आठ वर्षांपूर्वी. तुम्ही मागे दोरी गुंडाळत होतात."

वन्संचा आवाज एकदम खाली आला. "मग गेला का नाहीस?"

"ती जागा तुमची आहे, बाई."

आठ वर्षं. हा माणूस आठ वर्षं त्या फटीपाशी तरंगत होता, पलीकडे जाता येतं हे त्याला ठाऊक होतं, आणि दूधवाला म्हणवून घेत तो तिथून परत फिरत होता. मला भरून आलं. पाण्याचं नवल मला रोजच वाटतं, त्या दिवशी मला माणसाचं वाटलं. वन्संनी तोंड नकाशाकडे वळवलं. मग म्हणाल्या, तुझ्या किटल्या दे, सरावाला.

तीन आठवडे त्या गप्पूच्या जादा टाक्या घेऊन पोहण्याच्या तलावात शिकल्या. ज्याला त्यांनी शिकवलं त्याच्याकडून शिकल्या. पहिल्या दिवशी एका बाजूला कलंडून गोल गोल फिरल्या म्हणे, भोवऱ्यासारख्या. घरी येऊन त्यांनीच सांगितलं आणि त्याच हसल्या. रोज दोन्ही चाव्यांवर मी ठिपके काढायची आणि रोज दोन्ही फासलेले यायचे. माझ्या जिवाला जरा स्वस्थता मिळाली.

स्वतःची जोडी मात्र त्या मोडायला देत नव्हत्या. आज नको, उद्या बघू. गुहेत जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी ती बाकावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, काढ पूल. आणि थांबल्या नाहीत, निघून गेल्या.

मी एकटीने तो पूल काढला. बावीस वर्षं तो पूल मी तपासत होते. त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा मला पाठ होता. पुलाच्या सांध्यांतल्या जुन्या ओ-रिंगा काढल्या, म्हणजे हवा गळू नये म्हणून घालतात त्या रबरी कड्या. नव्या चाव्या बसवल्या. रेग्युलेटरांच्या तोंडाच्या कड्या बदलल्या. टेबलावर सुट्या भागांचे डबे उघडे होते, माझे डोळे सारखे भरून येत होते आणि मी स्वतःलाच शिव्या घालत होते, की लोखंडासाठी काय रडतेस. नंतर दोन्ही टाक्या हौदात बुडवून बघितल्या. एक बुडबुडा नाही. ठिपके काढले आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वन्सं आणि गप्पू झऱ्यात उतरले. झऱ्याचं पाणी इतकं नितळ आहे की पाच मीटरवरही वन्संच्या मोज्यांचे टाके मला दिसत होते. टाक्या काखेत, पाठ मोकळी. बावीस वर्षांत त्यांची पाठ मी पाण्यात पहिल्यांदाच बघितली. किती लहान होती. दोघांनी मला बोटांनी ठीक आहे असं खुणावलं आणि ते काळ्या तोंडातून आत गेले. थोडा वेळ त्यांचे बुडबुडे येत राहिले, मग तेही थांबले. पाणी असं झालं, जणू त्यात कधी कुणी उतरलंच नव्हतं.

सत्तर मिनिटांत यायचं ठरलं होतं. मी पायरीवर बसले. हे शेजारी बसले. साठ झाली, सत्तर झाली. मी त्यांचा हात धरला, एरवी धरत नाही. सत्तरची पंचाहत्तर झाली. त्या खोल पाण्याखाली, दगडाखाली, दोन माणसं श्वास घेत होती आणि तो श्वास मी भरून दिलेला होता. तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या पायरीवर ते माझ्या छातीवर येऊन बसलं.

एकोणऐंशीव्या मिनिटाला बुडबुडे आले. दोन जागी. मी मोजले, दोन जागी. मग अंगात मुरलेली हवा हळूहळू निघून जावी म्हणून सहा मीटरवर थांबून जी विश्रांती घ्यायची असते ती त्यांनी घेतली, आणि मला त्या वेळात दहा वर्षांचं म्हातारपण आलं.

वन्सं वर आल्या आणि तोंडातला रेग्युलेटर काढला. पायरीवर बसून रडत होत्या. त्यांना रडताना मी फक्त सासऱ्यांच्या वेळी बघितलं होतं. मी विचारलं, काय झालं, कुठे लागलं? त्यांनी मान हलवली. मग सांगायला लागल्या, तेही तुटक तुटक.

फटीपलीकडे दगड संपतो, म्हणाल्या. माणूस बाहेर पडतो आणि दिव्याचा उजेड कशावरच पडत नाही. वर नाही, खाली नाही, समोर नाही. त्यांना वाटलं दिवा गेला. मग गप्पूने त्याचा मोठा दिवा खाली धरला, तेव्हा खूप खोल तळ दिसला, पांढऱ्या वाळूचा, आणि ती वाळू उकळत होती. शेकडो जागी. थंडगार पाणी जमिनीतून वर येत होतं आणि वाळूचे कण उचलून परत खाली सोडत होतं. आवाज नाही. आपण जे पाणी रोज नळाने पितो, त्यावर पहिल्यांदा उजेड पडला तो आज, आमच्या दिव्यांचा, म्हणाल्या. आणि त्यांचा श्वास वर जाऊन छताला लागला, तिथे पाऱ्याचे गोळे होऊन चमकायला लागला. त्या दालनात याआधी कुणाचाच श्वास गेला नव्हता.

"माझ्या तोंडून रेग्युलेटरमध्येच नमस्कार निघाला," वन्सं म्हणाल्या. "कुणाला केला, देव जाणे."

आम्ही चौघं तिथेच बसून राहिलो. आमचे हे, नीट ऐकू येत नसूनही, रडत होते. गावातल्या नळांना त्या वेळी पाणी चालू असणार, कुणी भांडी घासत असेल, कुणी तोंड धूत असेल.

मग जाता जाता सांगावं तसं वन्सं म्हणाल्या, उजवी मी बंद केली गं.

दालनात असतानाच उजव्या काखेतून हवा सुटली होती. डोळ्यांसमोर पांढरा फेस. त्यांनी खाली बघितलं, चावी समोर होती, हात गेला, बंद केली. तोवर उजव्या टाकीतली बरीच हवा गेली. डावी भरवशाची होती, तिच्यावर त्या परतल्या. फटीतून येताना मेलेली टाकी पुढे ढकलली आणि जपून आल्या, म्हणून उशीर. बाहेर आल्या तेव्हा डावीत चौथा हिस्सा उरला होता. सांगताना त्यांचा आवाज साधा होता. कुलूप लावून निघाले, असं सांगावं तसा.

घरी येऊन मी उजवी टाकी बाकावर घेतली. चावीवरचा निळा ठिपका फासलेला होता, बोटभर लांब रेघ ओढलेली. घाईच्या बोटाची रेघ. मी रेग्युलेटर सोडवला आणि त्याच्या तोंडातली ओ-रिंग काढली. ती चिरडून अर्धी बाहेर आली होती. मी ती पुसून बोटांत धरली आणि दिव्याखाली नेली.

ती कडी रेग्युलेटरची नव्हती. पुलाच्या डब्यातली होती. दिसायला तशीच, केसभर बारीक. हौदात टिकली, तलावात दिवसभरही टिकली असती. फटीत टाकी दगडाला घासली तेव्हा सरकली. आदल्या दुपारी दोन डबे शेजारी उघडे होते, माझे डोळे भरलेले होते, आणि माझ्या हाताने चुकीच्या डब्यातून कडी उचलली होती.

महिनाभर मी वन्संच्या खांद्यावरून आकाशपाताळ एक केलं होतं. आणि खाली दगा दिला तो माझ्या हाताने. तीच चूक मी पाठीवरच्या जोडीत केली असती, तर हवा सुटली असती ती उजव्या खांद्यामागे, जिथे त्यांची बोटं हवेत चाचपडत राहिली होती.

कडी इतकी लहान होती की मुठीत सहज मावली. कचऱ्याचा डबा पायाशीच होता. रबर जुनं होतं म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. अशा गोष्टी होतात. मी खोटं बोलत नाही, ती बारीक कडी टाकून द्यावी असं मला वाटलं. पूर्ण मिनिटभर वाटलं.

मग मी वन्संना हाक मारली.

त्या ओल्या केसांनीच आल्या. मी दोन्ही कड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, बरोबर असलेली आणि मी घातलेली, आणि म्हटलं, माझ्या हातून झालं. आणखी बरंच काही म्हणायचं होतं. यापुढे मी कुणाचीही टाकी भरणार नाही, असंही म्हणायचं होतं.

वन्संनी दोन्ही कड्या बोटाने लोटून बघितल्या. फरक शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला. मी उभी होते, जशी माझ्यासमोर आजवर शंभर पाणबुडे उभे राहिले तशी.

"मी फडकं घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "तू नाही घेतलंस."

मग त्यांनी पुलाच्या कड्यांचा डबा बंद केला आणि खिडकीत, टेबलापासून दूर नेऊन ठेवला. दुसरा डबा माझ्यापुढे सरकवला. जाळी बसायला अजून बारा दिवस होते आणि त्या दालनाची एकही भिंत मोजलेली नव्हती.

"घाल नवी," म्हणाल्या. "मी बघत बसते."

मी कडी उचलली, त्यांनी डब्यावरचा आकडा मोठ्याने वाचला, मी कडी बसवली. रेग्युलेटर चढवला, चावीवर ठिपका काढला. तो जरा वाकडाच आला. वन्संनी टाकी स्वतःच्या उजव्या काखेत धरली, डोळे मिटले आणि हात खाली नेला. हात सहज पोचला.